रिअॅक्टरचा पिंग: गरम अॅसिडचा नमुना लवकर कसा गाळायचा

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्यातला सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



तुम्ही मोबाइलवर गेम खेळत असाल तर ‘पिंग’ म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. पिंग वाढला की काय होतं? समोरचा गडी डावीकडे दिसतो, तुम्ही गोळी झाडता, आणि तो केव्हाच उजवीकडे पळालेला असतो. तुमचा नेम चुकलेला नसतो. तुम्हाला दिसणारं चित्र शिळं असतं.

आजचा भाग अशाच एका शिळ्या चित्राबद्दल आहे. फक्त इथे मोबाइलऐवजी एक प्रचंड टाकी आहे, तिच्यात ७०-८० अंशांचं गरम अॅसिड घुसळतंय, आणि कंट्रोल रूममधला माणूस तासाभरापूर्वीचा आकडा बघून आत्ताचा निर्णय घेतोय.

मी केमिस्ट आहे. शिक्षण महाराष्ट्रात झालं आणि नोकरीतली बरीच वर्षं पूर्व किनाऱ्यावरच्या एका खत कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. तिथे फॉस्फोरिक अॅसिड बनतं. लोकांना वाटतं, प्रयोगशाळा म्हणजे पांढरा कोट, काचेची भांडी, एसी. अहो, आमची अर्धी लढाई त्या खोलीत शिरायच्या आधीच होते. नमुना कुठून घेतला, कसा घेतला, किती वेळात गाळला. आज त्याबद्दलच बोलू.

दगडातून अॅसिड

आधी थोडी पार्श्वभूमी. डीएपीचं पोतं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल, काहींनी पाठीवरून वाहिलंही असेल. त्यावर १८-४६-० असं लिहिलेलं असतं. १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद. स्फुरद मोजायची पद्धत म्हणजे पी२ओ५, म्हणजे ५० किलोच्या पोत्यात २३ किलो पी२ओ५.

हे स्फुरद येतं दगडातून, रॉक फॉस्फेटमधून. आपल्या देशात हा दगड कमी. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडाला मोठी खाण आहे, पण गरजेच्या मानाने ते अपुरं पडतं. बाकीचा दगड मोरोक्को, जॉर्डन, इजिप्त, टोगो अशा देशांतून जहाजाने येतो. शिवाय तयार फॉस्फोरिक अॅसिड आणि तयार डीएपी आयात होतं ते वेगळंच.

हा दगड दळायचा, टाकीत सल्फ्युरिक अॅसिडबरोबर घुसळायचा. दगडातलं कॅल्शियम सल्फेटशी जोडी जमवतं आणि जिप्समचे स्फटिक बनतात. द्रवात राहतं ते फॉस्फोरिक अॅसिड. मग भल्यामोठ्या व्हॅक्यूम फिल्टरवर ही खळ, म्हणजे स्लरी, गाळायची. खाली अॅसिड, वर जिप्समचा केक. एक टन पी२ओ५ मिळवताना साधारण पाच टन जिप्सम निघतं. म्हणजे बघा, या कारखान्यात अॅसिडपेक्षा जास्त आपण जिप्समच बनवतो! आणि ते जिप्सम नीट गाळलं गेलं नाही, तर सगळा कारखाना अडतो.

सल्फेटची दोरी

या टाकीत एक आकडा सगळ्यात महत्त्वाचा असतो. द्रवात मोकळं, म्हणजे कॅल्शियमला न चिकटलेलं सल्फेट किती टक्के आहे? कारखान्याप्रमाणे आणि दगडाप्रमाणे हे बदलतं, पण बोलीभाषेत सांगायचं तर दोन टक्क्यांच्या आसपास. ती एक दोरी आहे आणि तिच्यावरून चालायचं आहे.

दोरीच्या एका बाजूला पडलो, म्हणजे सल्फेट कमी झालं, तर काय होतं? फॉस्फेटचा एक प्रकार असा आहे की आकाराने आणि विद्युतभाराने तो सल्फेटसारखाच दिसतो. जिप्समचा स्फटिक बनत असताना सल्फेट कमी पडलं की हा त्याच्या जागी जाऊन बसतो. रेल्वेत रिकामी सीट दिसली की आपण बसतो ना, तसं. एकदा बसला की कितीही धुवा, उठत नाही. ते फॉस्फेट जिप्समबरोबर थेट ढिगाऱ्यावर जातं.

दुसऱ्या बाजूला पडलो, म्हणजे सल्फेट जास्त झालं, तर दगडाच्या कणावरच जिप्समचा थर चढतो. आतला दगड तसाच कच्चा राहतो. चिकाच्या पाकात साखरेचा खडा पडावा आणि त्याच्यावर सायीचा थर बसावा, तसं. शिवाय स्फटिकांचा आकार बिघडतो, केक नीट गळत नाही, धुतला जात नाही. तेही फॉस्फेट ढिगाऱ्यावरच.

आता हिशेब करू. दिवसाला १,००० टन पी२ओ५ काढणारा कारखाना धरून चला. या चालढकलीत त्याचं उत्पादन एक टक्क्याने जरी घटलं, तरी रोजचे १० टन पी२ओ५ गेले. २३ किलोने भागा. सुमारे ४३० पोती डीएपी. पेरणीला एकरी एक पोतं धरलं, तर ४३० एकरांचं स्फुरद. रोज. विदर्भात, मराठवाड्यात जूनमध्ये डीएपीसाठी कृषी केंद्रासमोर पहाटेपासून रांग लागते, ती तुमच्यातल्या अनेकांनी पाहिली असेल. रांगेची कारणं अनेक आहेत, सगळी या टाकीत सापडत नाहीत. पण हजारो मैलांवरून जहाजाने आणलेला दगड एका आकड्यापायी ढिगाऱ्यावर जाणं, हे काही बरं नव्हे.

आकडा किती शिळा?

मग प्रश्न सोपा वाटतो. सल्फेट मोजत राहा, सल्फ्युरिक कमी-जास्त करा. संपलं.

नाही संपत. समजा दर तासाला नमुना घेतला जातो. दोन वाजता नमुना घेतला. वर चढून घेणं, खाली आणणं, गाळणं, थंड करणं, मोजणं, फोन करणं, यात ४५ मिनिटं गेली. पावणेतीनला आकडा कंट्रोल रूमला कळला. पुढचा नमुना तीनचा, त्याचा आकडा पावणेचारला. आता मला सांगा, तीन वाजून ४४ मिनिटांनी ऑपरेटरच्या हातात कुठला आकडा आहे? दोनचा! जवळजवळ पावणेदोन तास शिळा.

हे सूत्र लक्षात ठेवा, कुठल्याही कारखान्यात कामाला येईल: जास्तीत जास्त शिळेपण म्हणजे दोन नमुन्यांमधलं अंतर अधिक एका नमुन्याला लागणारा वेळ. दर अर्ध्या तासाला नमुना आणि १५ मिनिटांत आकडा, असं जमलं तर शिळेपण ४५ मिनिटांवर येतं. निम्म्याहून कमी.

आणि शिळेपणाचा खरा धोका फक्त उशीर नाही. तुमच्या घरी गीझर लांब असेल तर हा अनुभव असेल. पाणी गार येतंय म्हणून नळ गरमकडे फिरवला. काही होत नाही. अजून फिरवला. अजून. मग एकदम चटका! घाईघाईने गारकडे फिरवला, मग बर्फासारखं. बिघाड नळात नसतो, गीझरमध्ये नसतो आणि तुमच्यातही नसतो. मधल्या लांब पाइपात असतो. सल्फेटचंही तसंच. आकडा उशिरा येतो, ऑपरेटर अॅसिड वाढवतो, परिणाम दिसत नाही म्हणून अजून वाढवतो, आणि दोन तासांनी दोरीच्या पलीकडे पडतो. नव्या जहाजाचा दगड सुरू झाला की हे हमखास घडतं, कारण त्यातलं कॅल्शियम वेगळं असतं आणि जुनं प्रमाण लागू पडत नाही.

आमच्या रजिस्टरमध्ये एक छोटा बदल केला तेव्हा हे सगळ्यांना पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. आधी आकड्यासमोर एकच वेळ लिहायचे. आम्ही दोन रकाने केले: नमुना घेतला ती वेळ, आणि आकडा कळवला ती वेळ. बस्स. आठवडाभरात शिफ्टमधले जुने ऑपरेटर काका स्वतःच म्हणायला लागले, “मॅडम, म्हणजे आम्ही कालची भाजी आज वाढतोय की!” त्याच्या आधी मी शिळेपणावर दोन वेळा भाषण दिलं होतं. भाषणापेक्षा रकाना भारी पडला.

नमुना जिवंत असतो

आता गंमत बघा. नमुना हा फोटोसारखा आहे असं आपण समजतो. टाकीतून काढला, की ती वेळ गोठली. प्रत्यक्षात तो व्हिडिओ असतो, मगमध्येही चालूच राहतो.

स्लरीत थोडा कच्चा दगड असतो. मग खाली आणेपर्यंत तो दगड सल्फेट खातच असतो. म्हणजे उशिरा गाळला तर सल्फेट खऱ्यापेक्षा कमी दिसणार. त्यात नमुना थंड होतो. थंड झाला की द्रवात विरघळलेलं जिप्सम बाहेर पडायला लागतं. त्याच्याबरोबर सोडियम-पोटॅशियमचे फ्लुओसिलिकेट नावाचे क्षारही खाली बसतात. म्हणजे पुन्हा आकडा बदलला.

यातला वाईट भाग असा की ही चूक दर वेळी सारखी नसते. दुपारी नमुना पाच मिनिटांत गाळला, रात्री पावसामुळे वीस मिनिटांनी गाळला. टाकीत काहीच बदललं नाही, तरी आकडा बदलला. ऑपरेटर बिचारा त्या आकड्यावर अॅसिडचा वाल्व्ह फिरवणार.

म्हणून लवकर गाळणं हे फक्त वेळ वाचवणं नाही. गाळणं म्हणजे घड्याळ थांबवणं. घन आणि द्रव वेगळे झाले की दगडाला सल्फेट खाता येत नाही. आणि गाळलेल्या द्रवाचं ठरलेलं माप लगेच शुद्ध पाण्यात मिसळून पातळ केलं की खाली काही बसतही नाही. त्यानंतर मोजायला दहा मिनिटं लागली तरी आकडा त्याच क्षणाचा राहतो. यावरून कामाचा क्रम ठरतो: आधी गाळा, मग पातळ करा, मग चाला. आमच्याकडे गाळायची छोटी सोय प्रयोगशाळेतून उचलून रिअॅक्टरच्या शेजारी नेली, तो सगळ्यात मोठा फरक होता. महागडं यंत्र नव्हे, जागा बदलली.

आणि नमुना कुठून? टाकी मोठी असते, तिचे कप्पे असतात. एका कप्प्यात दगड पडतो, दुसरीकडे सल्फ्युरिक येतं. प्रत्येक कप्प्यातलं सल्फेट वेगळं. म्हणून जागा एकच ठरवायची आणि ती सोडायची नाही. पाइपच्या नळातून घेत असाल तर नळात अडकून बसलेला जुना माल आधी जाऊ द्यायचा. पिअर जी नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९५०च्या दशकापासून आयुष्यभर हेच शास्त्र उभं केलं, खनिजांचा नमुना कसा घ्यायचा याचं. त्याच्या कामाचं सार माझ्या भाषेत सांगायचं तर, नमुनाच चुकीचा असेल तर लाखोंचं यंत्र फक्त चुकीचा आकडा चार दशांशांपर्यंत देतं.

चक्का, रवा आणि मैदा

आता गाळण्याचं विज्ञान. घाबरू नका, तुमच्या स्वयंपाकघरात ते आधीपासून आहे.

श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगतात. सुरुवातीला पाणी भराभर गळतं, मग थेंब थेंब, मग जवळजवळ बंद. का? कारण फडक्याला आतून दह्याचा थर बसतो आणि नंतरचं पाणी त्या थरातून वाट काढतं. म्हणजे फडकं नाममात्र, खरी चाळणी तो थरच. आमचा जिप्समचा केकही तसाच. आणि स्फटिकांचा आकार? रव्यावर पाणी ओता आणि मैद्यावर ओता. रव्यातून झिरपतं, मैद्यावर तळं साचतं. मोठे, जाड स्फटिक म्हणजे रवा. बारीक, सुईसारखे म्हणजे मैदा.

डार्सी नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १८५६ साली दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर पुस्तक लिहिलं, त्यात वाळूतून पाणी किती वेगाने जातं याचे प्रयोग आहेत. नियम असा: क्षेत्रफळ वाढवा, दाब वाढवा, तर वेग वाढतो. थर जाड झाला तर वेग घटतो. आणि द्रव दाट असेल तरीही घटतो, हे त्याच नियमाचं पुढचं पाऊल.

यातून एक झकास गोष्ट निघते. गाळताना थर वाढत जातो, त्यामुळे लागणारा वेळ द्रवाच्या मापाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दुप्पट द्रव गाळायचा तर दुप्पट नाही, चौपट वेळ! उलट करून बघा. निम्मा द्रव गाळला तर पाव वेळ. प्रत्यक्षात कापडाचा स्वतःचा अडथळा असतो, म्हणून गणित इतकं नेटकं उतरत नाही, पण दिशा पक्की आहे. आता बघा, चाचणीला मोजून दहा-वीस मिलिलिटर द्रव लागतो, आणि अनेक ठिकाणी ‘असू दे जरा जास्त’ म्हणून दोनशे मिलिलिटर गाळत बसतात. ती ‘असू दे’ची सवय सगळ्यात महाग. लहान नमुना, रुंद फनेल, पातळ थर. एवढ्यानेच दहा मिनिटांचं काम दोन-तीन मिनिटांवर येतं.

मग दाब. प्रयोगशाळेत आपण ब्यूखनर फनेल वापरतो, खालून व्हॅक्यूम लावून. ही सोय अर्न्स्ट ब्यूखनर या औद्योगिक रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली प्रसिद्ध केली. नोबेलवाला एडुआर्ड बुखनर वेगळा बरं का, परीक्षेत गल्लत करू नका. व्हॅक्यूम वाढवला की वेग वाढतो, म्हणून नवा मुलगा पंप पूर्ण जोरात लावतो. इथे एक सापळा आहे. मुंबईत पाणी १०० अंशांना उकळतं, पण दाब निम्म्यावर आणला तर ८१-८२ अंशांनाच उकळतं, आणि एक तृतीयांशावर आणला तर ७२ अंशांच्या आसपास. अॅसिडला थोडे जास्त अंश लागतात, पण ७८ अंशांचा गाळ जोरदार व्हॅक्यूमखाली फ्लास्कमध्ये उकळायला लागतो. पाणी उडतं, द्रव घट्ट होतो, थंड होतो. आकडा पुन्हा बिघडला. म्हणून व्हॅक्यूम बेताचा ठेवायचा, किंवा वरून दाब देणारा, त्या दाबासाठीच बनवलेला बंद फिल्टर वापरायचा. खालून ओढण्यापेक्षा वरून ढकलणं इथे बरं.

काही बारीक पण अडणाऱ्या गोष्टी. फनेल कोरडं हवं. ओल्या फनेलने द्रव पातळ होतो आणि सल्फेट कमी दिसतं. फनेल गरम हवं, कारण थंड अॅसिड दाट होतं आणि हळू गळतं. पहिले गढूळ थेंब फ्लास्कमध्ये ठेवायचे नाहीत. का? थर बसायच्या आधी बारीक जिप्सम खाली निसटतं. नंतर पाण्यात पातळ केलं की ते विरघळतं आणि त्याचं सल्फेट मोकळ्या सल्फेटमध्ये मोजलं जातं. आकडा उगाच वर. आणि केकवर पाणी ओतून धुवायचा मोह आवरायचा. त्या चाचणीत धुणं नाही.

सामान कुठलं? दगडात तीन-चार टक्के फ्लोरिन असतं, त्यामुळे या अॅसिडात फ्लोराइड असतं आणि ते काचेला खातं. म्हणून गाळायला काच किंवा काचतंतूचा कागद नको. पॉलिप्रॉपिलीनचं फनेल, त्याचंच विणलेलं कापड. साधा फिल्टर कागद गरम अॅसिडात फाटतो, मग पुन्हा नमुना, पुन्हा वीस मिनिटं.

शेवटी मोजणं. अचूक पद्धत म्हणजे बेरियम क्लोराइड घालून बेरियम सल्फेटचा पांढरा साका पाडायचा, गाळायचा, भाजायचा, तोलायचा. त्याला काही तास लागतात. शिफ्टसाठी झटपट पद्धत असते: निमुळत्या, खुणा केलेल्या नळीत तोच साका सेंट्रिफ्यूजवर फिरवून खाली बसवायचा आणि उंची वाचायची. ती दर दिवशी तोलण्याच्या पद्धतीशी ताडून बघायची. झटपट पद्धत थोडी ढोबळ असते, चालतं. १५ मिनिटांत मिळालेला ढोबळ आकडा टाकी वाचवतो. उद्या सकाळी मिळालेला अचूक आकडा फक्त कालचं कारण सांगतो. दोन्ही लागतात, पण त्यांची कामं वेगळी.

मग यंत्र का नाही लावत?

हा प्रश्न दर वेळी येतो. “मॅडम, एवढे सेन्सर आहेत, एआय आहे, मग माणूस मग घेऊन का चढतोय?”

लावतात की. तापमान, घनता, पातळी, प्रवाह हे सगळं आपोआप दिसतंच. लेझरचा प्रकाश टाकून द्रवातलं सल्फेट ओळखणाऱ्या रामन पद्धती आहेत. सी. व्ही. रामन यांचाच तो १९२८चा शोध. आपोआप टायट्रेशन करणारी यंत्रंही आहेत. अडचण त्यांच्या मेंदूत नाही, घशात आहे. यंत्राला स्वच्छ द्रव लागतो, आणि आपल्याकडे आहे ३०-४० टक्के घन पदार्थ असलेली खळ, जी बारीक नळीत शिरली की थंड होऊन तिथेच क्षार धरते. दोन दिवसांत नळी चुना साठलेल्या नळासारखी बंद.

यावर तीन उपाय आहेत. एक, नळीतून स्लरी सतत वेगाने फिरवत परत टाकीत सोडायची, आणि त्या वाहत्या फेऱ्यातून चिमूटभरच यंत्राला घ्यायची. माल थांबतच नाही, म्हणून बसतही नाही. दोन, आडवं गाळण. आपण नेहमी चाळणीवर सरळ ओततो. त्याऐवजी चाळणीला समांतर वेगाने वाहू द्यायचं. वाहती स्लरी पृष्ठभाग घासत जाते, थर जाड होत नाही, थोडा द्रव बाजूने झिरपतो. तीन, दर काही मिनिटांनी उलट दिशेने गरम पाण्याचा झटका. पण उलट झटक्यानंतर आत राहिलेलं पाणी पुढच्या नमुन्यात मिसळू द्यायचं नाही, नाहीतर यंत्र प्रामाणिकपणे पाणीच मोजेल.

यंत्र लावलं म्हणून माणसाचा नमुना बंद होत नाही. दिवसातून एक-दोन वेळा हाताने घेतलेल्या नमुन्याशी त्याला ताडावंच लागतं. गुगल मॅपने खाडीत जायला सांगितलं तर आपण खिडकीबाहेर बघतोच ना?

वेग कोणाच्या पायांवर?

आता ज्या मुद्द्यासाठी मी हा भाग करायला बसले, तो.

‘नमुना लवकर हवा’ हे वाक्य कंट्रोल रूममध्ये बोललं जातं आणि जिन्यावर ऐकलं जातं. रात्री तीन वाजता नमुना घेणारा मुलगा बऱ्याचदा कंत्राटी असतो, तुमच्याच वयाचा. आयटीआय झालेला किंवा बीएस्सी करता करता लागलेला. टाकीचं झाकण उघडतं, गरम वाफ येते, तिच्यात फ्लोराइडचे वायू असतात. जाळी ओली, निसरडी. हातात वाफाळत्या चहाएवढं गरम अॅसिड. आणि फोनवर आवाज, “अरे, आकडा कुठाय?” तो धावतो. आपण त्याच्या धावण्याला वेग समजतो.

ते चूक आहे. घड्याळ लावून बघा, धावून दीड-दोन मिनिटं वाचतात. फनेल रुंद केलं, नमुना लहान केला, गाळायची जागा जवळ आणली की वीस मिनिटं वाचतात. म्हणजे जो वेग माणसाच्या जिवावर मिळतो तो सगळ्यात कमी असतो, आणि जो नीट विचार करून मिळतो तो सगळ्यात जास्त. माझ्या मते चांगल्या नमुना पद्धतीची खूण एकच: त्यात कुणाला धावावं लागत नाही.

झाकण न उघडता नमुना घेता येईल असा बंद सॅम्पलर, लहान झाकणबंद मग, तोंडावर पूर्ण शील्ड, अॅसिडचे हातमोजे, जवळच सेफ्टी शॉवर आणि डोळे धुवायची सोय. आणि फ्लोराइडचं एक लक्षात ठेवा: सौम्य असेल तर लागल्या लागल्या फारसं दुखत नाही, म्हणून मुलं दुर्लक्ष करतात. ते आत शिरून तासांनी त्रास देतं. लागलं की लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावायचं आणि डॉक्टरकडे जायचंच. ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही, तो कितीही सीनियर असो.

लहान नमुन्याचा हा दुसरा फायदा बघा. दोनशेऐवजी पन्नास मिलिलिटर नेलं, तर सांडलं तरी पन्नासच सांडणार. गाळणं वेगवान करणारी गोष्टच माणसाला जपणारी निघाली. इंजिनिअरिंगमध्ये असा योग फार वेळा येत नाही, आला की सोडू नये.

जाता जाता

ऐकणाऱ्यांपैकी कुणी केमिकलचा डिप्लोमा करत असेल, कुणी तारापूर, लोटे, महाड, कुरकुंभच्या एमआयडीसीत ट्रेनी म्हणून लागणार असेल. तिथे फॉस्फोरिक नसेल, दुसरं काही असेल. गॅल्व्हनायझिंगच्या शॉपमध्ये हायड्रोक्लोरिकची टाकी असेल, त्यात लोखंड किती साचलंय हे बघायचं असेल. प्रश्न तेच राहतात. पहिल्या आठवड्यात हे चार विचारा.

हा नमुना नेहमी त्याच जागेवरून घेतला जातो का? टाकीतून काढल्यापासून गाळेपर्यंत किती मिनिटं जातात? चाचणीला लागतो किती आणि आपण आणतो किती? आणि हा आकडा आला की त्याचं पुढे कोण, काय करतं?

चौथा सगळ्यात महत्त्वाचा. ज्या आकड्यावर कुणी वाल्व्ह फिरवत नाही, त्याच्यासाठी रात्री तीनला कुणाला जिना चढायला लावू नका. आणि ज्याच्यावर फिरवतात, तो ताजा मिळेल एवढी सोय मागून घ्या. नवीन पोरगं प्रश्न विचारतंय म्हणून कुणी हसलं तर हसू द्या. रजिस्टरमध्ये दोन रकाने आखा, वेळा लिहायला लागा. बाकीचं रजिस्टर बोलेल.

तुमच्या कामाच्या ठिकाणी असा कुठला आकडा शिळा होऊन पोहोचतो, मला कळवा. दूध संकलन केंद्रातला फॅट असो, साखर कारखान्यातला रस असो, पाण्याच्या टाकीतलं क्लोरीन असो. चांगली उदाहरणं आली तर त्यावर वेगळा भाग करू. कंपनीचं नाव मात्र लिहू नका, नोकरी सांभाळा!

चला, भेटू पुढच्या भागात. आणि हो, शिफ्टला निघाला असाल तर शील्ड बॅगेत नको, तोंडावर ठेवा.